अंगणातल्या शहाबादी फरशीत मुरलेलं तेल: डाग निघतील का, की फरशीच काढावी लागेल?

कृष्णाकाठ
१० मार्च, रात्री ९:१५

मंडळी, इथे कित्येक वर्षं नुसती वाचत आलेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. घरात रोज यावरून बोलणं चाललंय आणि हातात दिवस थोडे आहेत.

वाईजवळ आमचं जुनं घर आहे. पुढचं अंगण शहाबादी फरशीचं. दोन बाय दोनच्या रफ फरश्या, आजोबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या. गेल्या महिन्यात धाकट्या भावाचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी आचाऱ्यांनी अंगणातच भट्टी मांडली होती. वडे तळून झाल्यावर कढई उतरवताना कलंडली आणि दोन-तीन लिटर सूर्यफुलाचं तेल फरशीवर सांडलं. कुणाला भाजलं नाही हे नशीब. पाहुणे घसरू नयेत म्हणून लगेच कढत पाणी आणि कपड्याची पावडर टाकून खराट्याने खसाखसा घासलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी संडास धुण्याचं अॅसिड ओतलं. तेव्हा फरशीवर फेस आला, सगळ्यांना वाटलं डाग सुटतोय.

आता स्थिती अशी: सहा फरश्यांवर काळपट, ओलसर दिसणारा मोठा डाग, कडेने पिवळी किनार. हळदीचेही डाग त्यातच. अॅसिड पडलं तिथे पांढरट, खरखरीत चट्टे. गावातला गवंडी म्हणतो हे आता निघणार नाही, सगळं उखडून पेव्हर ब्लॉक टाका. बाबांनी जवळजवळ होकार दिलाय. मला ती फरशी वाचवायची आहे. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं याच अंगणात झोपायचो. कुणी असा डाग खरोखर काढला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मोगरा_२
१० मार्च, रात्री १०:०२

आमच्या ओट्यावर तेल सांडलं की आई लिंबाची फोड मिठात बुडवून घासते, स्वच्छ निघतं. मोठा डाग असेल तर आधी रॉकेलचं बोळं फिरवून बघा. फरशी काढू नका हो, अशी फरशी परत मिळत नाही.

भूरूप
११ मार्च, सकाळी ६:४०

कृष्णाकाठताई, सर्वांत आधी एक विनंती. त्या फरशीवर आता अॅसिड, लिंबू, व्हिनेगर, चिंच, ताक असं काहीही आंबट लावू नका. मोगराताई, राग मानू नका, तुमच्या आईंचा ओटा ग्रॅनाइटचा असेल तर त्याला लिंबाने काही होणार नाही. शहाबादीचं तसं नाही.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात भूशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो. शहाबादी म्हणजे कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादच्या आसपास निघणारा चुनखडक. भीमेच्या खोऱ्यातला, फार प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. म्हणून तर त्याच्या लाद्या सरळ सुटतात. याच दगडामुळे वाडी-शहाबाद भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. राजस्थानचा कोटा, आंध्रचा काळा कडप्पा, तेलंगणातला तांदूर हेही चुनखडकच. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. तुम्ही पाहिलेला फेस हा डाग सुटल्याचा नव्हता, दगड विरघळत होता. पांढरे चट्टे म्हणजे डाग नाहीत, तिथला वरचा थर खाल्ला गेलाय.

आपल्या वाई-साताऱ्याच्या डोंगरातला काळा दगड बेसाल्ट आहे, ज्वालामुखीचा. त्यावर लिंबू पिळलं तर फेस येत नाही. त्यामुळे कुणाच्याही अंगणात कोणता दगड आहे हे ठाऊक नसेल तर कोपऱ्यातल्या एखाद्या तुकड्यावर लिंबाचा एकच थेंब टाकून बघा. फसफसला तर चुनखडक. लगेच पाण्याने धुऊन टाका. एवढाच लिंबाचा उपयोग.

दुसरं, दगड तेल किती पितो हे बघायला डाग नसलेल्या जागी पाण्याचा थेंब ठेवा. थेंब तसाच राहिला तर दगड घट्ट आहे. पाच-दहा मिनिटांत मुरून तिथे काळसर वर्तुळ झालं तर दगड सच्छिद्र आहे आणि तेलही तसंच आत गेलंय. आत गेलेलं तेल वरून घासून निघत नाही. ते बाहेर ओढूनच काढावं लागतं.

फरशीकाम
११ मार्च, दुपारी १:३०

भूरूप सरांशी शंभर टक्के सहमत. माझा दगडी फरशीचा आणि पॉलिशचा धंदा आहे, वडिलांपासून. महिन्याला एक तरी अंगण असं अॅसिडने जाळलेलं बघतो आणि जीव हळहळतो, कारण डाग तसाच असतो आणि वर दगडही गेलेला असतो.

ताई, डाग निघेल. पूर्ण पहिल्यासारखा कदाचित नाही, पण ऐंशी-नव्वद टक्के नक्की. उपाय म्हणजे लेप. आम्ही असा करतो:

आधी डागाची जागा भांडी घासायच्या लिक्विडने, कोमट पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुवायची, वरची चिकटी जाईपर्यंत. तारेचा ब्रश नको. साबणाची वडीही नको, कारण विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा साका धरतो आणि तो दगडावर बसतो. मग दोन दिवस कोरडं होऊ द्यायचं.

रंगाच्या दुकानात खडूची पावडर मिळते, पुट्टीत घालतात ती. तीन भाग खडूची पावडर, एक भाग धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, धुण्याचा. त्यात गरम पाणी घालून थालीपिठाच्या पिठाएवढं घट्ट कालवायचं. हातमोजे घाला, धुण्याचा सोडा हात सोलवटतो. डागावर अर्धा इंच जाड थापायचं आणि डागाच्या बाहेर दोन-तीन बोटं जास्त घ्यायचं, नाहीतर तेल कडेला सरकून नवीन वर्तुळ तयार होतं. वर प्लास्टिकचा कागद, कडा चिकटपट्टीने बंद. एक दिवस तसंच. दुसऱ्या दिवशी कागद काढून टाकायचा आणि लेप पूर्ण वाळून भेगा पडेपर्यंत हात लावायचा नाही. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा आणि धुवायचा.

एका चौरस फुटाला साधारण एक किलो पावडर लागते. एका लेपात काम होत नाही. तीन लागतील, चार लागतील. पहिल्या लेपानंतर थोडंच हललेलं दिसेल, तेव्हा सोडून देऊ नका.

कृष्णाकाठ
११ मार्च, रात्री ८:५०

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. भूरूप सर, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. अॅसिडची बाटली त्यांनी स्वतः उचलून मागे नेऊन ठेवली.

एक विचारते. प्लास्टिकने झाकायचं आणि मग काढायचं, असं का? सरळ उघडंच ठेवलं तर लवकर वाळेल ना? आणि मुलतानी माती चालेल का? घरात बरीच आहे.

भूरूप
११ मार्च, रात्री ९:३५

चांगला प्रश्न विचारलात, यातच सगळं मर्म आहे. झाकलेलं असताना लेपातला ओलावा वर उडू शकत नाही, म्हणून तो खाली दगडात शिरतो. सोडा तिथल्या तेलाशी भिडतो आणि ते सैल करतो. मग कागद काढलात की वाळणं वरच्या बाजूने सुरू होतं. पाणी वर ओढलं जातं, आणि दगडाच्या बारीक छिद्रांतून येताना तेलही सोबत घेऊन येतं. दिव्याची वात तेल वर चढवते तसंच हे. उघडं ठेवलंत तर पाणी आत शिरण्याआधीच उडून जाईल आणि लेप नुसता वर सुकून बसेल.

मुलतानी माती तेल उत्तम शोषते. लोकरीतलं तेल काढायला जगभर अशीच माती शतकानुशतकं वापरली गेली. पण तिच्यात लोह असतं, फिकट दगडावर पिवळी झाक राहू शकते. तुमची फरशी राखाडी-निळसर असेल तर आधी कोपऱ्यात एक छोटा लेप देऊन बघा.

पंगतवाढपी
१२ मार्च, सकाळी ११:१०

मी केटरिंगच्या कामात आहे. हा धागा वाचून वाईट वाटलं, कारण ही चूक आमच्या लोकांनी टाळायला हवी होती. भट्टी थेट फरशीवर मांडायचीच नाही. खाली दोन इंच वाळू पसरायची, तिच्यावर विटा आणि मग भट्टी. वाळूमुळे तेल अडतं आणि फरशीला आचही लागत नाही. चुनखडकाची फरशी थेट आचेने तडकते, पापुद्रे सुटतात. कढई उतरवून ठेवायच्या जागीही वाळू किंवा जुना पत्रा हवा. ज्यांच्याकडे पुढे कार्य आहे त्यांनी आचाऱ्याला हे आधीच सांगावं. आम्हाला सांगितलेलं आवडतं.

आणि तेल सांडलंच तर पहिल्या पाच मिनिटांत पाणी मुळीच नको. आधी भोवतीने राखेचा किंवा मातीचा बांध घालायचा, पसरणं थांबवायचं. मग वर हाताला येईल ती कोरडी भुकटी टाकायची: राख, रांगोळी, भुसा, गव्हाचं पीठसुद्धा. ती भिजली की झाडून घ्यायची, पुन्हा टाकायची. रात्रभर तशीच राहू द्यायची. पुसायचं नाही, पुसलं की तेल फक्त दगडाच्या आणखी मोठ्या भागात शिरतं. कढत पाण्याने तर तेल पातळ होऊन आणखी खोल जातं.

सोनसाखळी
१२ मार्च, दुपारी ३:२५

पंगतवाढपीदादा, राखेबद्दल अगदी बरोबर. आमच्या आजीकडे (कागल तालुका) दिव्याचं तेल सांडलं की आजी चुलीतली गरम राख मुठीने टाकायची आणि वर पाटा पालथा घालून ठेवायची. सकाळी राख उचलली की फरशी कोरडी. भांडीही राखेनेच घासायची, आणि तुपाची कढई कशी लख्ख निघायची! तेव्हा वाटायचं राख खरखरीत असते म्हणून. नंतर कळलं की राखेत क्षार असतो, तेलातुपाशी त्याचा साबणच होतो.

दोनचाकी
१२ मार्च, संध्याकाळी ६:००

धागाकर्तीची क्षमा मागून माझा प्रश्न विचारतो. आमच्या पार्किंगमधल्या कोट्याच्या फरशीवर गाडीच्या इंजिन ऑइलचे डाग आहेत. राख, सोडा सगळं करून झालं, ढिम्म हललं नाही. असं का?

भूरूप
१२ मार्च, संध्याकाळी ७:१५

सोनसाखळीताईंनी वर जे सांगितलं त्यातच उत्तर आहे. राख किंवा सोडा शेंगदाणा, सूर्यफूल, तूप, खोबरेल यांचा साबण करू शकतो, कारण ती वनस्पतीज किंवा प्राणिज स्निग्ध द्रव्यं आहेत. इंजिन ऑइल खनिज तेलापासून बनतं. त्याचा साबण होतच नाही, कितीही सोडा घाला. त्याला विरघळवणारं द्रव लागतं.

फरशीकाम
१२ मार्च, रात्री ९:४०

बरोबर. दोनचाकीदादा, तुम्ही तीच खडूची पावडर पाण्याऐवजी रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनमध्ये कालवा, सोडा नको. बाकी पद्धत तीच. पण हे नीट वाचा: पार्किंगमधल्या गाड्या आधी बाहेर काढा, विडी-काडी, उदबत्ती, वेल्डिंग काहीही जवळ नको, हवा खेळती हवी. टर्पेंटाइनचा वाफारा पेट घेतो. वाळलेला लेप लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, उघड्यावर पूर्ण वास जाईपर्यंत ठेवा.

रॉकेलचं बोळं फिरवायचं म्हणजे हाच प्रयोग अर्धवट करणं. रॉकेल तेल विरघळवतं खरं, पण शोषून घ्यायला वर काही नसेल तर तेच विरघळलेलं तेल आणखी आत जातं.

चिरेबंदी
१३ मार्च, सकाळी ७:५०

आमचं अंगण जांभ्याच्या चिऱ्यांचं (मालवण). आमच्याकडे ओलं खोबरेल सांडण्याचं प्रमाण जास्त. जांभा इतका सच्छिद्र की तेल बघता बघता गायब होतं, आणि पावसाळ्यात नेमका त्याच जागी शेवाळ जास्त धरतं. लेप लावला तर पावडर भोकांत अडकते, पांढरे ठिपके राहतात. आम्ही त्यावर फक्त कोरडी माती चार-पाच दिवस पसरतो आणि झाडतो, मग गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. सगळं जात नाही. जांभ्यावर प्रेशरचं पाणी मारू नये, चिरा भुगा होऊन सुटतो. शेजारच्या घरी तसं झालेलं पाहिलंय.

रेडिंगकर
१३ मार्च, दुपारी २:०५

इंग्लंडहून लिहितेय. इथे घरामागच्या पॅटिओवर बहुतेक ठिकाणी आपल्याकडचाच दगड असतो, राजस्थानचा वाळूखडक. दुकानात तो चक्क इंडियन सँडस्टोन म्हणूनच विकतात. आमच्याकडेही तोच. उन्हाळ्यात बार्बेक्यूची चरबी गळून ठिपके पडतात. हा वाळूखडक चुनखडक नाही, म्हणून आम्ही निर्धास्तपणे अॅसिडचा क्लीनर वापरला आणि दोन आठवड्यांत तिथे नारिंगी, गंजासारखे डाग उमटले. नंतर कळलं की या दगडात लोह असतं आणि आम्लाने ते बाहेर येऊन गंजतं. तेलाचा डाग गेला आणि गंजाचा आला. नंतर पडलेल्या चरबीच्या ठिपक्यांना शेवटी धुण्याच्या सोड्याचाच लेप उपयोगी पडला. तेव्हा भूरूप सरांचा आम्लाबद्दलचा इशारा इतर दगडांनाही लागू आहे.

तुळसबाग_घरची
१३ मार्च, रात्री ८:२०

एक छोटी आठवण. सोड्याचं पाणी तुळशीच्या आळ्यात किंवा आंब्याच्या बुंध्याशी जाऊ देऊ नका. आमची जुनी जाई अशीच गेली. वाळलेला लेप आधी सुपलीने उचलून पोत्यात भरा, मग उरलेलंच धुवा, म्हणजे पाण्यात फार थोडं जातं.

कृष्णाकाठ
१६ मार्च, सकाळी ७:३०

घाबरून लिहितेय. काल पहिला लेप दिला. कागद उचलून बघितलं तर कडेला लेप लालभडक झालाय! कुंकू सांडल्यासारखं दिसतंय. दगडाला काही झालं का? बाबा म्हणतात आता पुरे.

सोनसाखळी
१६ मार्च, सकाळी ७:५५

ताई, हळद ना ती! हळद आणि सोडा एकत्र आले की लाल होतात. हळद आणि चुन्याच्या निवळीपासून कुंकू करतात ते असंच. दगडाला काही झालेलं नाही.

भूरूप
१६ मार्च, सकाळी ८:३०

सोनसाखळीताईंनी अचूक सांगितलं. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतो, म्हणून तो तेलासोबत दगडात गेला होता. लेपात तो लाल दिसतोय याचा अर्थ तेल वर यायला लागलंय. ही चांगली खूण आहे. धुतल्यावर सोडा निघून गेला की तो परत पिवळा होईल, आणि उरलेला पिवळेपणा ऊन खाऊन टाकेल. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं ऊन त्याला पुरेसं आहे.

कृष्णाकाठ
१९ मार्च, रात्री ९:१०

हुश्श. लेप वाळला, काल खरवडला. सुकलेल्या खपल्या हाताला तेलकट लागत होत्या आणि त्यांना तळणीचा खवट वास येत होता. बाबांनी एक खपली घेऊन हुंगली आणि म्हणाले, "म्हणजे निघतंय तर." एवढंच बोलले, पण गवंड्याला फोन करून आठ दिवस थांबायला सांगितलं.

डाग फिका झालाय, अर्धाही नाही, पण कडेची पिवळी किनार जवळजवळ गेली. मधोमध जिथे कढई पडली ती फरशी मात्र तशीच काळी आहे. शिवाय तिथे हात लावला तर वार्निशसारखी चिकट कडक पुटी लागते.

फरशीकाम
१९ मार्च, रात्री १०:००

पहिल्या लेपाला इतकं हललं म्हणजे उत्तम आहे. सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही तेलं हवेत राहिली की हळूहळू घट्ट होऊन अशी पुटी धरतात. जवसाचं तर सगळ्यात जास्त, म्हणून ते ऑइल पेंटमध्ये वापरतात. शेंगदाणा किंवा खोबरेल असतं तर इतकी पुटी धरली नसती. तेव्हा त्या मधल्या फरशीवर आधी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवलेलं जाड फडकं दोन तास ठेवा, पुटी मऊ होईल, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. त्यानंतरच पुढचा लेप. पुटी तशीच ठेवून वर लेप दिलात तर तो आत पोचतच नाही.

आणखी एक अनुभवाची गोष्ट. लेप संध्याकाळी पाच-सहाला द्या. दिवसभर फरशी तापलेली असते, आतलं तेल पातळ असतं. भर उन्हात दिलात तर लेप कागदाखालीसुद्धा कडेने सुकतो.

मोगरा_२
२० मार्च, सकाळी ९:४५

मी वर लिंबाचा सल्ला दिला होता त्याचं वाईट वाटतंय. काल आईकडे जाऊन ओट्यावर थेंब टाकून बघितला. ओटा ग्रॅनाइटचाच आहे. पण मागच्या न्हाणीतल्या कडप्प्यावर फेस आला. आईला दाखवलं, आता तिथे लिंबू-अॅसिड बंद. या धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

कृष्णाकाठ
९ एप्रिल, रात्री ८:४०

दुसरा लेप नीट झाला, पण तिसरा वाया गेला. काल दुपारी कागद काढून वाळायला ठेवला आणि चारच्या सुमारास वळीव आला. दहा मिनिटांत सगळं वाहून अंगणभर पांढरा रेंदा. तुळशीच्या आळ्याकडे जाऊ नये म्हणून आई आणि मी पोती टाकून बांध घातला. तुळसबाग_घरची ताई, तुमची आठवण काढली. तुळस ठीक आहे.

आज सकाळी फरशी ओली असताना सगळीच एकसारखी काळपट दिसत होती, मला वाटलं डाग परत पसरला. दुपारपर्यंत वाळली तेव्हा कळलं की पाणी होतं. पाच फरश्या आता जवळजवळ स्वच्छ आहेत. ज्याला माहीत आहे त्यालाच डाग दिसेल. मधली फरशी अजून हट्टाने काळी.

फरशीकाम
९ एप्रिल, रात्री ९:३०

वळवाचे दिवस आहेत, वर चार काठ्या लावून ताडपत्री बांधा, खालून वारा खेळता ठेवा. मधल्या फरशीला आता टर्पेंटाइनचा एक लेप देऊन बघा, काळजी वर लिहिलीय तीच. त्यानेही नाही गेलं तर समजायचं की तेल दगडाच्या आरपार गेलंय.

आणि अॅसिडच्या चट्ट्यांचं राहिलं. ते कोणत्याही लेपाने जाणार नाहीत, कारण तिथे काढायला काही नाहीच. पाणी मारून कार्बोरंडमच्या दगडाने (घासायचा कृत्रिम कठीण दगड), आधी जाड मग बारीक, गोल फिरवत हलक्या हाताने घासा. तुमची फरशी रफ आहे, त्यामुळे आरशासारखी चमक आणायची नाहीये, फक्त खरखर मोडायची आणि शेजारच्या पोताशी जुळवायचं. उरलेला पांढरेपणा दोन पावसाळ्यांत आपोआप मावळतो.

रेडिंगकर
१० एप्रिल, दुपारी १२:५०

डाग गेल्यावर सीलर लावणार आहात का? आमच्याकडे सगळे लावा म्हणतात.

फरशीकाम
१० एप्रिल, रात्री ९:०५

सीलर दोन प्रकारचे. एक वर काचेसारखा थर देतो. तो अंगणात लावू नये, खालून जमिनीची ओल वर येते, थराखाली अडकते, मग पांढरं पडून पापुद्रे निघतात. शिवाय पावसात घसरतं, घरात म्हातारी माणसं असतील तर मी हात जोडून नको सांगतो. दुसरा दगडाच्या आत मुरतो, वर काही दिसत नाही, तेल-पाणी आत शिरायला वेळ लावतो. तो चालेल. पण डाग पूर्ण निघाल्यावर आणि फरशी खडखडीत वाळल्यावरच, नाहीतर उरलेलं तेल आत कोंडलं जाईल. ताई, तुम्ही यंदा घाई करू नका. पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर बघा.

भूरूप
११ एप्रिल, सकाळी ६:५५

पेव्हर ब्लॉकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ते सिमेंटचे असतात, तेही तेल पितात, बहुतेकदा शहाबादीपेक्षा जास्त. त्यांनाही अॅसिड चालत नाही, कारण सिमेंट चुन्याचंच. म्हणजे फरशी बदलून हा प्रश्न सुटला नसता. पुढच्या कार्यात कढई कलंडली असती तर तुमचे बाबा पुन्हा याच जागी उभे राहिले असते.

कृष्णाकाठ
२४ मे, रात्री ९:२०

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून शेवटची खबर द्यायला आले.

टर्पेंटाइनचे दोन लेप दिले. मधल्या फरशीतून बरंच तेल निघालं, पण काळेपणा पूर्ण गेला नाही. शेवटी आमच्या गवंड्यालाच बोलावलं, उखडून टाकायला म्हणणाऱ्यालाच. त्याने दर्जा (फरश्यांमधले सांधे) हळूच फोडून ती एक फरशी उचलली. फरशीकामदादांचं खरं निघालं, खालच्या बाजूलाही हातभर काळा डाग होता, पालथी घालून उपयोग नव्हता. मागच्या गोठ्यात आता जनावरं नाहीत, तिथली त्याच खाणीची, त्याच काळातली एक फरशी काढून पुढे आणली. किंचित जास्त झिजलेली आहे, पण रंग जुळला. गवंडी दर्जा भरता भरता बाबांना म्हणाला, "ह्या दगडाला अजून पन्नास वर्षं काही होत नाही." पेव्हर ब्लॉकचं नाव पुन्हा निघालं नाही.

अॅसिडचे चट्टे बाबांनी स्वतः घासले. रोज सकाळी चहाआधी अर्धा तास, पाटावर बसून, कार्बोरंडमचा दगड आणि तांब्याभर पाणी घेऊन. मी पुण्याहून फोन केला की आधी किती जागा झाली ते सांगायचे.

उचललेली ती काळी फरशी टाकवेना. आईने ती परसात चुलीपुढे बसवून घेतली, जिथे ती आषाढात तळण करते. फरशीकामदादा, भूरूप सर, सोनसाखळीताई, आणि बाकी सगळ्यांनो, तुम्ही वाईकडे आलात तर अंगण बघायला नक्की या. उन्हाळ्यात आलात तर रात्री तिथेच गाद्या टाकू.